नव्या झेड४ मधून माळशेज (डिसेंबर २०२५)

शुक्रवार

माझ्याकडे २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ आहे, ई८९ म्हणतात ती, एसड्राइव्ह३५आय, पत्र्याचं छप्पर घडी होऊन डिकीत जातं ती. एमएच०४ पासिंग, सेकंडहँड घेतलेली, आणि घेताना घरच्यांनी काय काय बोलायचं ते सगळं बोलून झालंय त्यामुळे तो विषय इथे नको. पुढच्या वर्षी, २०२६ ला, तिला पंधरा वर्षं होतायत म्हणजे रिपासिंग, फिटनेस, ग्रीन टॅक्स सगळं आलं. आणि तिकडे कंपनीने झेड४ च बंद करायचं ठरवलंय, २०२६ मध्ये प्रॉडक्शन संपतंय. म्हणजे नवी घ्यायची तर आत्ताच, नाहीतर आहे तीच सांभाळायची. एक टेस्ट ड्राइव्ह मारून बघू एवढंच म्हणून निघालो होतो, त्याचा अख्खा वीकेंड झाला.

दुपारी हाफ डे टाकून ठाण्याहून नवी मुंबईच्या शोरूमला निघालो. कळवा-विटावा मार्गाला संध्याकाळच्या आधीच हात जोडलेत मी, त्यामुळे हायवेने मुलुंड आणि तिथून ऐरोली ब्रिज. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या एंट्री पॉइंटवर छोट्या गाड्यांचा टोल बंद झालाय त्यात ऐरोली पण आहे, तरी नाक्याजवळ आलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो. ठाणे-बेलापूर रोडला छप्पर उघडायचा मोह झाला पण ट्रकच्या सायलेन्सरच्या बरोबर लेव्हलला आपलं तोंड येतं, ते काही खरं नाही. दोन सीटच्या बुटक्या गाडीचं हे कोणी सांगत नाही, तुम्ही कायम दुसऱ्यांच्या चाकाच्या उंचीवर बसलेले असता.

शोरूममध्ये एक तरुण मुलगा होता, लायसन्सची झेरॉक्स घेतली, दोन फॉर्म भरून घेतले, आणि मग माझी गाडी बघायला तोच बाहेर आला. “सर, हे हार्डटॉपवालं मी प्रत्यक्ष कधी बघितलंच नव्हतं.” त्याला छप्पर उघडबंद करून दाखवलं, साधारण वीस सेकंद लागतात, मी गाडी उभी करूनच करतो. तो फोनवर शूटिंग करत होता. टेस्ट ड्राइव्ह घ्यायला मी आलोय का त्याला द्यायला असा प्रश्न मला पडला.

नवी म्हणजे जी२९, एम४०आय. भारतात २०१९ ला आली, २०२३ ला फेसलिफ्ट झालं. माझी जर्मनीत रेगेन्सबुर्गच्या फॅक्टरीत बनलेली, ही ऑस्ट्रियात ग्राझला माग्ना श्टायरकडे बनते, आणि तिथेच हिच्या जोडीने टोयोटाची सुप्रा बनते. दोन्ही गाड्यांचा सांगाडा एक, इंजिन एक, एकीला छप्पर नाही एकीला आहे. यावर लोक नाकं मुरडतात, मला त्यात काही वावगं वाटत नाही, दोन कंपन्यांनी मिळून खर्च काढला नसता तर ही गाडी बाजारात आलीच नसती.

बसल्या बसल्या पहिली गोष्ट जाणवते ती रुंदी. माझी १७९० मिमी रुंद आहे, ही १८६४. आरसे सोडून. आकडा वाचताना सात सेंटिमीटर काहीच वाटत नाही, पण आत बसलं की शेजारचा माणूस एकदम लांब गेलेला असतो आणि बॉनेटचे दोन्ही कोपरे कुठे संपतात ते अंदाजाने ठरवावं लागतं. हा सात सेंटिमीटरचा मुद्दा पुढे येणार आहे.

पाम बीच रोड म्हणजे वाशीहून बेलापूरपर्यंत साधारण दहा किलोमीटरचा जवळपास सरळ पट्टा, उजवीकडे खाडी आणि तिवरं, डावीकडे टॉवर. टेस्ट ड्राइव्हला आम्हाला त्यातला निम्मा मिळाला. शेजारी तो मुलगा, “सर आता स्पोर्ट मोड टाकून बघा, सर आता इथे कॅमेरा आहे.” या दोन वाक्यांच्या मधे जेवढी गाडी चालवता येते तेवढी चालवली. छप्पर कापडी आहे, दहा सेकंदात उघडतं आणि पन्नासच्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीत उघडतं, हे मात्र मी चार वेळा केलं. सिग्नल सुटला, बटण दाबलं, पुढच्या सिग्नलच्या आत आकाश. मी एवढी वर्षं रस्त्याच्या कडेला हजार्ड लावून उभा राहतोय आणि लोक पंक्चर झालं का विचारतायत.

दुसरं म्हणजे गिअरबॉक्स. माझीत सात गिअरचा ड्युअल क्लच आहे, पळताना काय विचारूच नका, पण तीन हात नाक्याला चढावर रांगत्या ट्रॅफिकमध्ये तो नवशिक्या रिक्षावाल्यासारखा क्लच सोडतो. नवीत झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा साधा ऑटोमॅटिक आहे आणि मी मनातून धरून चाललो होतो की हा मवाळ असणार. अजिबात नाही. वर-खाली करायला तेवढाच चपळ, आणि सिग्नलला शहाण्यासारखा वागतो. इथे मी माझं मत बदललं, लगेच, पहिल्या किलोमीटरलाच.

परत शोरूमला आलो तर कोटेशन तयार. एक्स-शोरूमच नव्वद लाखांच्या आसपास, ऑनरोड कोटीच्या पुढे. मुलगा म्हणाला सर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी चाळीस टक्के झालाय, सेस गेला, आधीपेक्षा फायदाच आहे. कोटीचा खर्च करणाऱ्या माणसाला फायदा शब्द ऐकायला बरा वाटतो हे त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असणार. याच वर्षी सहा गिअरची मॅन्युअल पण आलीय, ती आहे का चालवायला विचारलं तर नाही, ती फक्त बुकिंगवर.

आणि खरं सांगू का, अशा टेस्ट ड्राइव्हमध्ये कळतं ते फक्त एसी कसा आहे आणि स्क्रीन कुठे आहे. खड्डा आला की शेजारचा श्वास रोखून बसतो, मग काय चालवणार. म्हणून तिथूनच नेरूळच्या मित्राला फोन लावला, कॉलेजचा मित्र, त्याच्याकडे हीच एम४०आय आहे २०२३ ची, पांढरी. म्हटलं उद्या माळशेजला येतोस का, येताना तुझी गाडी मला दे आणि माझी तू घे. तो म्हणाला, “लेका, सकाळी किती वाजता ते बोल.” रात्री सीवूड्सला त्याच्याकडेच जेवून घरी आलो, वहिनींनी सुरमई केली होती, तिचं वर्णन केलं तर गाड्या मागे पडतील.

शनिवार

अंधारातच तो ठाण्याला आला. आमच्याकडे चहा झाला, बायको माझ्याबरोबर, तो एकटा. माळशेज घाट ठाणे जिल्ह्याच्या टोकालाच आहे, पायथा आमचा मुरबाड तालुका आणि वर गेलं की पुणे जिल्हा, पण ठाणेकराला माळशेज म्हटलं की फक्त पावसाळा आठवतो. धबधबे, मक्याची कणसं आणि चार तासांचा ट्रॅफिक जॅम. डिसेंबरमध्ये जावं, घाट रिकामा असतो, हवा गार, आणि छप्पर उघडं ठेवता येतं. मुंबई-ठाण्यात उघड्या छपराचे दिवस तसे मोजकेच, मार्चनंतर टाळू तापते आणि जूननंतर प्रश्नच नाही.

माजिवड्याहून नाशिक हायवेला लागलो. माजिवडा ते वडपे आठ पदरीकरणाचं काम चालू आहे, साकेत ब्रिज, खारेगाव, माणकोली, जिथे बघावं तिथे डायव्हर्जन आणि दोन लेव्हलचा रस्ता. इथे माझ्या गाडीचं खरं दुखणं बाहेर येतं. तिला रनफ्लॅट टायर आहेत, पुढे २२५/४० मागे २५५/३५, अठरा इंची. रनफ्लॅटच्या भिंती मुळात जाड, हवा गेली तरी गाडी उभी राहावी म्हणून केलेल्या, त्यामुळे खड्डा कितीही लहान असो तो थेट माकडहाडाला कळवला जातो. बायको माणकोलीपर्यंत काही बोलली नाही. राजनोली नाक्याला म्हणाली, “त्याची गाडी बघ, पाण्यावरून चालल्यागत चाललीय.” पुढे मित्राची पांढरी गाडी त्याच रस्त्यावरून त्याच स्पीडने चालली होती आणि खरंच नुसती वरखाली होत होती, आपटत नव्हती.

कोन, दुर्गाडी, शहाड असं करत मुरबाडचा रस्ता धरला. शहाडनंतर हळूहळू उजाडलं, मुरबाडला बाजार उघडत होता. सरळगाव सोडलं की रस्ता मोकळा होतो, दोन्हीकडे भाताची कापलेली शेतं, समोर सह्याद्रीची भिंत. टोकावड्याला थांबून वडापाव खाल्ला. तिथे जमलेल्या पोरांचं दोन्ही गाड्यांवर मतदान झालं, आणि ते निर्विवाद माझ्या बाजूने लागलं, कारण छप्पर. पत्र्याचं छप्पर दोन तुकड्यांत घडी होऊन आत जाताना बघायला पोरांना जेवढं आवडतं तेवढं कापडाचं आवडत नाही. एक म्हातारे बाबा होते, ते म्हणाले, “दोघंच बसत्यात का यात? मग सामान कुठं?” एकदम मुद्द्याला हात. तर सामानाचं असं आहे की माझीत छप्पर बंद असताना डिकी ३१० लिटर आणि उघडलं की १८०, म्हणजे उघडं छप्पर पाहिजे असेल तर एक छोटी बॅग आणि नारळ. नवीत कापड वेगळ्या खणात जातं त्यामुळे उघडं असो बंद असो २८१. दोन दिवसाच्या ट्रिपला नवराबायकोने जायचं तर नवी सरळसरळ जिंकते. बायकोने हे लक्षात ठेवलं, ते मला नंतर कळलं.

टोकावडे सोडल्यावर वैशाखरे लागतं, तिथून नाणेघाटची वाट फुटते, उन्हात नाणेघाटचा अंगठ्यासारखा कडा, नानाचा अंगठा, स्पष्ट दिसत होता. मग सावर्णे आणि घाट सुरू.

चढताना मी माझीच चालवली. मुद्दाम. एकाच घाटात दोन्ही चालवल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. ई८९ मध्ये लांबच लांब नाक पुढे आणि तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले, त्यामुळे वळणात आधी नाक आत जातं आणि मग क्षणभराने तुम्ही जाता. तो क्षण ज्याला आवडला त्याला ही गाडी आवडली. तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडर इंजिन, एन५४, दोन छोटे टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटनमीटर टॉर्क. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये याला काही कमी पडत नाही. कडेला माकडं बसलेली असतात आणि ती माणसांना अजिबात घाबरत नाहीत, उघड्या छपराच्या गाडीत केळ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसू नये एवढाच सल्ला. बायकोने पिशवी सीटखाली सरकवली.

बोगदा ओलांडून वर आलो, व्ह्यू पॉइंटला गाड्या लावल्या, किल्ल्यांची अदलाबदल केली. मित्र आणि मी परत खाली सावर्णेपर्यंत जाऊन पुन्हा वर यायचं ठरलं. बायको म्हणाली मी इथे उन्हात बसते, तुमचं चालू द्या.

आता नवी. हिचंही सहा सिलिंडर तीन लिटर, पण बी५८, एकच टर्बो ट्विन-स्क्रोलचा, ३४० हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटनमीटर. कागदावर शून्य ते शंभर ४.५ सेकंद, माझी ५.१. घाटात या आकड्याचा काही उपयोग नाही. उपयोग कशाचा झाला तर वळणात गाडी जशी आत शिरते त्याचा. जी२९ च्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर माझ्यापेक्षा ९८ मिमीने जास्त आहे, मागच्या चाकांचं ५७ मिमीने, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर उलट २६ मिमीने कमी, म्हणजे गाडी रुंद झालीय आणि आखूड झालीय. वळायला तयार असलेली गाडी अशीच बनवतात. हातातलं स्टिअरिंग इतकं तल्लख की पहिल्या दोन वळणांना मी जास्तच वळवलं आणि परत सोडलं. नाक आधी, तुम्ही नंतर, असलं काही नाही, सगळी गाडी एकदम वळते. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की मागचं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल कुठल्या चाकाला किती ताकद द्यायची ते ठरवतं, आणि माझ्या गाडीत जिथे चाकं घसरतायत सांगणारा ट्रॅक्शनचा दिवा फडफडतो तिथे ही चुपचाप निघून जाते.

स्टिअरिंगमधून रस्ता कळतो का? फार नाही. पण माझ्या गाडीचं स्टिअरिंगही इलेक्ट्रिकच आहे आणि तेही काही गप्पिष्ट नाही, तेव्हा जुनं ते सोनं म्हणायला या बाबतीत जागा नाही. जे लोक सरसकट म्हणतात जुन्या गाड्यांमध्ये जान होती त्यांनी दोन्ही एका घाटात एका सकाळी चालवाव्यात. नवी चांगली आहे. जोरात चांगली आहे, हळू चांगली आहे, फुटलेल्या रस्त्यावर तर फारच चांगली आहे, कारण डँपर म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्वतःला मऊ-कडक करतात आणि मित्राच्या गाडीला रनफ्लॅट नाहीत, साधे टायर आहेत आणि डिकीत पंप.

एक खटकलं ते आवाज. स्पोर्ट मोडमध्ये पाय काढला की मागून फट फट फटाके वाजतात, आणि आत जो इंजिनचा आवाज येतो त्याला स्पीकरचीही मदत असते. छप्पर उघडं असलं की खरा आवाज येतो आणि तो छान आहे, मग बंद असताना हे नाटक कशाला? माझीचा आवाज लहान आहे, थोडा खरखरीत आहे, पण जो आहे तो नळीतून येतोय.

वर आलो तर बायकोने एका टपरीवाल्या मावशींशी ओळख काढून पिठलं-भाकरी आणि ठेच्याची ऑर्डर देऊन ठेवली होती. मित्र माझ्या गाडीतून उतरला, कमरेवर हात. “छप्पर एक नंबर. पण कंबर गेली लेका.” मी हसलो पण ते लागलं, कारण खरं होतं.

जेवून पुढे पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्यापर्यंत गेलो, पक्षी होते पण लांब, दुर्बीण कोणाकडेच नव्हती. हरिश्चंद्रगडाची बाजू बघत थोडं बसलो. परतीला मित्र म्हणाला तुझी गाडी मीच घेऊन जातो नेरूळला, तू माझी उद्या आणून दे, एक रात्र ठेव, त्याशिवाय कळायचं नाही. मला हेच हवं होतं पण मागायचं कसं म्हणून गप्प होतो.

येताना दुर्गाडीपासून कोनपर्यंत एक तास. आणि या एका तासात नवीने माझी सगळ्यात जास्त सेवा केली. पायाला काम नाही, पाठीला त्रास नाही, एसी गार, गाडी सरकते थांबते सरकते. स्पोर्ट्स कारची तारीफ ट्रॅफिक जॅमसाठी करावी लागतेय हे विचित्र आहे पण ठाण्यात राहून गाडी बहुतेक वेळ काय करते ते बघा ना.

मग सोसायटीत आलो.

आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे, लोखंडी पॅलेटवर गाडी चढवायची आणि मशीन ती वर नेतं. ऑपरेटर दादा माझ्या गाडीवर खूश असतो, बुटकी असल्यामुळे कुठल्याही मजल्यावर बसते. त्याने पांढरी गाडी बघितली, हात वर करून थांबवलं, खांबावरची पाटी दाखवली. कमाल रुंदी १८५० मिमी. “साहेब, ही बसायची नाही.” म्हटलं दादा चौदा मिलिमीटरने काय होतंय, आरसे मिटतो. तो म्हणाला आरशाचं नाही, चाकं पट्टीला घासतील आणि सेन्सर मारला तर अख्खा टॉवर बंद पडेल, मग पंधरा गाड्या अडकल्या की लोक तुम्हाला नाही मला बोलतात. त्याचं बरोबर होतं. तेवढ्यात बायको वरून शिवणाची टेप घेऊन आली. तिने गाडीची आणि पॅलेटची दोन्ही मापं घेतली, लिहून घेतली, आणि काही बोलली नाही.

शेवटी व्हिजिटर पार्किंग, गुलमोहराखाली. सेक्रेटरी काका फिरायला निघाले होते, म्हणाले आजची रात्र ठीक आहे, पण कायमची उघडी जागा पाहिजे असेल तर जनरल बॉडीत विषय मांडा. आमच्या जनरल बॉडीत पाण्याच्या टाकीचा विषय अजून चालू आहे.

झोपायच्या आधी गॅलरीतून खाली बघितलं तर सोसायटीचं पिवळं मांजर कापडी छपराच्या बरोबर मध्यभागी गोल होऊन झोपलेलं. मऊ आणि गरम, त्याला काय कल्पना लाखोंच्या मालावर आहोत. मांजराच्या नखांचा आणि मित्राच्या गाडीचा विचार करत खाली गेलो, त्याला उठवलं, जुनी चादर टाकली. परत वर येऊन बघितलं तर ते चादरीवर.

रविवार

सकाळी लवकर पोखरण रोड दोनने उपवनपर्यंत चक्कर मारली, खास स्पीडब्रेकर तपासायला. बुटक्या गाडीवाल्यांना माहिती असतं, ब्रेकर तिरका घ्यायचा, आधी एक चाक मग दुसरं. नवीचं नाक पुढे जास्त आलेलं आहे, एकूण लांबी माझ्यापेक्षा ८५ मिमीने जास्त, तरी एकदाही घासली नाही. येऊरच्या चढाला फाट्यापर्यंत गेलो, सकाळचे चालायला आलेले लोक भरपूर असतात त्यामुळे वर नाही गेलो. एका आजोबांनी थांबवून विचारलं इलेक्ट्रिक का, नाही म्हटल्यावर त्यांचा गाडीतला इंटरेस्टच संपला.

बायको म्हणाली अटल सेतूने जाऊ. ठाण्याहून नेरूळला अटल सेतूने जाणं म्हणजे शिवडीपर्यंत खाली उतरून समुद्र ओलांडून परत वर येणं, कशाचाच शॉर्टकट नाही, जायला २५० रुपये टोल वर. पण रविवार सकाळ, हायवे रिकामा, आणि २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला साडेसोळा समुद्रावर. जानेवारी २०२४ ला उघडला तेव्हापासून मी माझ्या गाडीने गेलोय, नवीने जायचं होतं.

लिमिट शंभर. शंभरला आठव्या गिअरमध्ये इंजिन जवळपास झोपलेलं असतं. छप्पर बंद ठेवून गेलो आधी, कारण मला कापडाचा आवाज ऐकायचा होता. येतो, पत्र्यापेक्षा जास्त येतो, शेजारून ट्रक गेला की कळतं, पण बोलता येतं, गाणी ऐकू येतात. मला वाटलं होतं त्याच्या निम्माच. मग मधे पन्नासपर्यंत हळू होऊन उघडावं असं मनात आलं पण त्या पुलावर पन्नासने चालणं हा उपद्रव आहे, त्यामुळे उलव्याला उतरल्यावर उघडलं. तिथे नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचा परिसर दिसतो, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालंय आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुटणार असं ठरलंय, रिक्षावाले आत्तापासूनच तयारीत.

तोपर्यंत मी चालवत होतो. उलव्याला आम्ही जागा बदलली. तिने माझी गाडी याआधी दोनतीनदाच चालवलीय, नाकाचा अंदाज येत नाही म्हणते. ही मात्र तिने बेलापूरच्या सर्कलमधून, पाम बीचच्या किल्ला जंक्शनवरून, सारसोळेपर्यंत एकदाही न बोलता चालवली आणि नेरूळला लावून म्हणाली, “गाडी छान आहे. आपली जास्त सुंदर आहे.” मी तिला सांगितलं की आपली बाहेरून युलियाने ब्लासी नावाच्या बाईने आणि आतून नादिया अर्नाउट नावाच्या बाईने डिझाइन केलेली आहे. ती म्हणाली मग बरोबर, आणि पर्समधून कालचा कागद काढून दिला. गाडी १८६४, पॅलेट १८५०, आणि खाली तिने उघड्या पार्किंगचं महिन्याचं भाडं गुणिले बारा करून ठेवलेलं.

मित्राने माझी गाडी धुवून ठेवली होती, मला लाजल्यासारखं झालं कारण त्याच्या गाडीवर मी मांजराचे केस ठेवले होते. काढले बसून. त्याचा निकाल असा की पाच लाखांत दिलीस तर आत्ता घेतो. म्हटलं पाच लाखांत तिचं छप्पर येईल.

चहा पिताना मी त्याच्या टायरचा फोटो काढला. कारण शुक्रवारपासून नवीने मला जिथे जिथे हरवलं त्यात छपराचं बटण आणि गिअरबॉक्स या दोन गोष्टी माझ्या हातात नाहीत, घाटातलं ते वळणं पण नाही. पण माणकोलीला पाठीला जे होतं ते बरंचसं रनफ्लॅटमुळे होतं, आणि ते बदलता येतात. ई८९ मध्ये स्टेपनीची जागाच नाही, त्यामुळे साधे टायर टाकले की डिकीत पंप आणि सीलंटची बाटली ठेवावी लागणार, म्हणजे छप्पर उघडल्यावरचे १८० लिटर अजून कमी. बॅग तिची, नारळ माझा, काय ते ठरवू.

शोरूमच्या मुलाचा संध्याकाळी मेसेज आला, सर काय ठरलं. त्याला पार्किंगच्या पाटीचा फोटो पाठवला. त्याने आधी हसणारी स्मायली पाठवली आणि मग सर सेम प्रॉब्लेम आमच्या अजून एका कस्टमरचा झालाय असं लिहिलं.

उद्या वागळे इस्टेटला टायरवाल्याकडे जाऊन चार साध्या टायरचे रेट काढतोय, २२५/४० आणि २५५/३५, अठरा इंची. रिपासिंगच्या आधी टाकले तर फिटनेसला पण नवे दिसतील.